उर्वरित पान पाचवर

आमचे तात्या टेलर रोज सकाळी साडेसातला इस्त्री तापवतात, असं म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर लगेच एखादा शर्ट आला असेल. पांढरा, कडक कॉलरचा, लग्नाबिग्नाचा. ठेवा तो शर्ट खुंटीला. पँट आली असेल तर ती पण ठेवा. तात्या इस्त्री करतात ती पेपरला!

व्हय, पेपरला. वाचायच्या पेपरला. पोरगा सायकलवरून पेपर दुकानात भिरकावून जातो, त्याची सुरळी झालेली असते, कधी दव लागलेलं असतं. तात्या तो टेबलावर पसरतात, कोळशाच्या इस्त्रीवर ओलं बोट टेकवून चर्र होतंय का बघतात, आणि पहिल्या पानापासून हात फिरवायला सुरुवात. पुढाऱ्याच्या फोटोवरून इस्त्री जरा दाबून नेतात. "सुरकुतलेल्या कागदावरची बातमी खरी वाटत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. मी एकदा म्हटलं, "तात्या, मोबाईलवर वाचा की, सुरकुतीच नाय." तर म्हणाले, "मापात सांगतो. ज्या बातमीला घडी घालता येत न्हाई, ती बातमी अंगाला बसत न्हाई."

'मापात सांगतो' हे त्यांचं पेटंट. कुठलंही वाक्य असो, आधी 'मापात सांगतो', मग टेप गळ्यातून काढून पुन्हा गळ्यात, मग वाक्य. मला हे सगळं हुबेहूब येतं. शाळेत हेडसरांचा आवाज काढून मी अख्खी शाळा एक तास आधी सोडली होती, तेव्हापासून आपलं नाव आहे. सध्या माझं तात्यांच्या समोर झेरॉक्सचं दुकान आहे, आणि तात्या मला नावानं हाक मारत नाहीत. "ए झेरॉक्स!" एवढंच. धंदाही तोच आणि गुणही तोच, असं ते म्हणतात.

आमचं गाव घोडेगाव-सोनई पट्ट्यातलं. नाव सांगत नाही, कारण पुढं काय झालं ते वाचल्यावर गावातली निम्मी माणसं म्हणतील आमची बदनामी केली आणि उरलेली निम्मी म्हणतील कमीच केली.

तर तात्यांच्या गाळ्याला लागून नानांचा गाळा. नाना म्हणजे सायकलवाले. आता सायकली गेल्या, मोटारसायकलची पंक्चर काढतात, पण पाटीवर अजून सायकलच आहे. मधी एकच भिंत. आणि या दोघांत मिळून पेपर एकच!

म्हणजे बघा, आठ पानांचा पेपर. त्यात दोन मोठे कागद एकात एक घातलेले असतात. बाहेरचा कागद तात्यांचा: पान एक, दोन, सात, आठ. आतला नानांचा: तीन ते सहा, कांद्याचा भाव आणि शब्दकोडं त्यात. मी चड्डीत फिरत होतो तेव्हापासून ही वाटणी. आता गंमत अशी की पान एकवरची मोठी बातमी अर्ध्यात तुटते आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'उर्वरित पान ५ वर'. पान पाच नानांकडं! त्यामुळं सकाळी तात्यांना प्रत्येक बातमीची सुरुवात माहीत असायची, नानांना शेवट. आणि संध्याकाळी पाच वाजता नाना आपला लाकडी स्टूल आणि आपला कागद घेऊन तात्यांच्या दुकानात यायचे. चहा यायचा. मग जोडणी.

"मंत्री चिडले, हितपर्यंत माझ्याकडं हाय," तात्या म्हणायचे.

"मग निवळले," नाना पान पाचवर बोट ठेवून सांगायचे.

"कशानं?"

"ते न्हाई दिलेलं. जेवले म्हणून लिवलंय."

हे ऐकायला मी झेरॉक्सच्या मशीनवर कागद तसाच सोडून यायचो. अख्ख्या देशाचा कारभार पाच ते सहा या वेळात शिवून तयार व्हायचा.

आणि मग आली ती बाजाराची बातमी!

आमचा आठवडे बाजार मेन रोडला भरतो. एका सोमवारी सकाळी तात्यांनी पान एक इस्त्री केलं, वाफ निघत होती, आणि तेवढ्यात ते ओरडले, "ए झेरॉक्स, बाजार उठला!" मी पळत गेलो. बातमी होती, रस्ता रुंद करायचा म्हणून बाजार गावाबाहेर हलवायचा प्रस्ताव, हालचाली सुरू, व्यापाऱ्यांत खळबळ, आणि मग उर्वरित पान पाचवर.

आता तात्यांच्या दुकानातल्या बाकड्यावर सकाळी सात-आठ जण असतातच. कुणाचं माप द्यायचं असतं, कुणाला नुसतं बसायचं असतं. तात्यांनी वाचून दाखवलं आणि बाकडं पेटलं! बाजार गेला तर आपण काय करायचं, दुकानं बंद करून बोरं विकायची का, हा डाव कुणाचा, अमक्याची जमीन गावाबाहेर हाय, बघा म्हंजी कळंल. नऊ वाजता निवेदन लिहून झालं. दहाला त्याच्या झेरॉक्स मीच काढल्या, लपवत नाही. अकराला व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला, 'बाजार बचाव'. बाराला दोन जीप भरून माणसं तालुक्याच्या ऑफिसात. तात्या पुढच्या सीटवर, गळ्यात टेप तसाच!

तिथल्या साहेबांनी निवेदन वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "पूर्ण बातमी वाचली का तुम्ही?"

पान पाचवरच्या कागदात पहिलाच शब्द होता 'मात्र'. मात्र, पर्यायी जागा मिळेपर्यंत बाजार आहे तिथंच भरेल, जागा अजून कुणी पाहिलेलीही नाही, गावकऱ्यांशी बोलल्याशिवाय काही होणार नाही. झालं! दोन जीप उन्हात परत.

आणि तिकडं नानांच्या दुकानात सकाळपासून दुसरं बाकडं बसलेलं. त्यांनी फक्त शेवट ऐकलेला. त्यांना कळेना, ही जीपवाली मंडळी कुठं बोंबलत चालली. "बाजार जागेवरच हाय की! आधी हवा तपासून बघायची, मग पंक्चर काढायचं," असं नाना दुपारी कारण कळल्यावर म्हणाले आणि लोक खो खो हसले. ते हसणं दोन जीपच्या लोकांनी परत येताना ऐकलं.

पाच वाजता नाना नेहमीसारखे स्टूल घेऊन आले. तात्यांचं तोंड उन्हानं आणि आणखी कशानं तरी लाल.

"तुला सकाळपासून म्हाईत हुतं," तात्या म्हणाले.

"काय?"

"शेवट."

"मग? शेवट मलाच म्हाईत असतो रोज. पाचला सांगतो. आज पण सांगाया आलो."

"दोन जीप भरून माणसं गेली, तुला दिसली न्हाईत?"

"दिसली. मला वाटलं कुणाच्या मयतीला चाललेत. तू पुढं बसला हुतास, मी हात पण केला."

"भिंत एक हाय नाना, एक आवाज टाकायचा हुतास."

"तूच टाकायचा हुतास, 'नाना, पुढं काय लिवलंय' म्हणून. भिंत तिकडनं पण एकच हाय."

बाकड्यावरचे लोक गप्प राहिले असते तर कदाचित तिथंच मिटलं असतं. पण बाकडं गप्प राहत नसतं. एक जण म्हणाला, नानांना जमीनवाल्यानं गप्प बसवलं असणार. तात्या काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा नानांना राग आला. त्यांनी स्टूल उचलला आणि गेले. तो स्टूल परत आला नाही.

आणि मग जे सुरू झालं, ते बघायला तुम्ही पाहिजे होता! गावात दोन पार्ट्या झाल्या. एक पान एकवाली, एक पान पाचवाली. पान एकवाले म्हणायचे, 'मात्र'च्या पुढचं सगळं आपल्याला झोपवायला छापलंय. पान पाचवाले म्हणायचे, 'मात्र'च्या आधीचं सगळं अफवा. दुसरा ग्रुप निघाला, 'बाजार जागेवरच'. पान एकवाल्याची गाडी पंक्चर झाली तर तो ती ढकलत घोडेगावपर्यंत नेई, पण नानांकडं जात नसे. पान पाचवाल्यांनी तात्यांकडं पँटी शिवणं बंद केलं, तयार आणून घालायला लागले. पायाखाली दोन इंच लोळायच्या, तरी छाती पुढं!

मला वाटलं, आपण शिकलेलो, आपण मिटवू. मी पूर्ण बातमी मोबाईलवर काढली, वरपासून खालपर्यंत, आणि दोन्ही ग्रुपवर टाकली. शहाणपणाचा अर्क! दहा मिनिटांत पान एकवाल्या एकानं वरची चार वाक्यं कापून त्यावर लाल गोल काढून परत टाकलं, 'बघा, झेरॉक्सवाल्यानं पण मान्य केलं'. पान पाचवाल्यानं खालची चार कापली, हिरवा गोल, 'बघा, झेरॉक्सवाल्यानं पण मान्य केलं'. दोन्हीकडनं माझं अभिनंदन. अख्खी बातमी हातात देऊनही प्रत्येक जण बरोबर आपल्याआपल्या निम्म्यावर जाऊन थांबला होता. म्हणजे कागद दोन होते म्हणून भांडण झालं असं मला वाटत होतं, ते काय खरं नव्हतं.

पण मी सांगतोय तात्यांबद्दल. तात्यांचं एक मी रोज बघत होतो. पेपर यायचा तात्यांच्याच दुकानात. दोन्ही कागद. तात्या आपला कागद इस्त्री करायचे, आणि मग नानांचा पण करायचे! फक्त करताना छताकडं बघायचे. मान वर, हात खाली, इस्त्री अंदाजानं चाललेली. एकदा शब्दकोड्याचा कोपरा करपला. मग घडी घालून मला हाक, "ए झेरॉक्स, हे त्याला दे. त्याचं हाय, माझ्या दुकानात नको."

"तात्या, हातातच आहे तर वाचून घ्या की पान पाच."

"आपलं न्हाई ते."

"कुणाला कळणार आहे?"

"मला."

भांडणाच्या पहिल्याच आठवड्यात राहुरीकडच्या एका विहिरीत बिबट्या पडला. पान एकवर हे एवढं! उसातून आला, कुत्र्यामागं धावला, धपकन आत. वनखात्याची माणसं शिडी आणि पिंजरा घेऊन पोचली, गर्दी जमली, बिबट्यानं शिडीवर एक पाय ठेवला आणि... उर्वरित पान पाचवर.

मेलो! मला स्वतःला त्या दिवशी चैन पडेना. मी मोबाईलवर बघून घेतलं. पण तात्यांचा बिबट्या शिडीवर एक पाय ठेवून तसाच राहिला. चार दिवस झाले, आठवडा झाला. कुणी दुकानात त्याचं नाव काढलं की तात्या कात्री वर करायचे, "शेवट सांगायचा न्हाई हितं." बाकड्याला तर ते आवडलंच होतं. बिबट्या बाहेर आला म्हटलं तर बोलायचं काय? त्यांच्याकडं एकाचे चार बिबटे झाले, खातं लपवतंय, उद्या आपल्या उसात येणार, पोरं बाहेर सोडू नका. आणि नानांच्या बाकड्यावर फक्त शेवट पोचलेला, 'प्राणी सुखरूप जंगलाकडे रवाना'. त्यामुळं तिकडं मत असं की बिबट्या नव्हताच, मांजर असंल, पान एकवाल्यांना मांजर पण वाघ दिसतो.

तिसरा आठवडा सरत आला. पाच वाजले होते. बाकडं रिकामं होतं, सगळे बाजाराला गेलेले, जिथं नेहमी भरतो तिथंच भरलेल्या बाजाराला. तात्यांनी चहा मागवला होता. पोरगं सवयीनं दोन कप ठेवून गेलं. तात्या एक कप प्यायले, दुसऱ्यावर बशी झाकून ठेवली. मला राहवलं नाही.

"तात्या, सांगू का? बिबट्याचं?"

तात्यांनी दोन्ही हात कानावर. खरंच! साठी उलटलेला माणूस, कानावर हात.

"अहो पण तुम्हाला जाणून नाय घ्यायचं?"

"घ्यायचं हाय."

"मग?"

तात्यांनी हात खाली घेतले. मशीनचं चाक उगाच एकदा फिरवलं. काकू गेल्यात त्याला बरीच वर्षं झाली, पोरगा चाकणला कंपनीत, रविवारी फोन करतो. बाकी दिवशी संध्याकाळी त्या दुकानात चाकाचाच आवाज.

"झेरॉक्स, मला वाचता येत न्हाई का? दुसरा पेपर लावता येत न्हाई का? तुझ्या त्या मोबाईलवर पण सगळं दिसतंय, मला म्हाईत हाय. पण मापात सांगतो," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा टेपला हात न लावता बोलले. "शेवट मला कळला, मंजी त्याला हितं यायला काय कारण ऱ्हायलं?"

 मला विनोद सुचला नाही, हे आमच्या गावात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

आपल्या दुकानात आलो. शटर निम्मं ओढलं. मोबाईल काढला आणि नानांना फोन लावला. घसा खाकरला, तात्या खाकरतात तसा, दोनदा छोटा आणि एकदा मोठा.

"नाना, मापात सांगतो. चहा गार व्हायलाय. पान घेऊन ये. त्या दिवशी... चुकलं माझं."

पलीकडं फोन ठेवल्याचा आवाज. आणि मग, देवाशपथ सांगतो, स्टूल ओढल्याचा आवाज! मी शटरखालून बघत होतो. नाना बाहेर आले. एका हातात स्टूल, काखेत कागद, एक नाही, तीन आठवड्यांचे! घड्या तशाच. ते सरळ तात्यांच्या दुकानात शिरले, स्टूल ठेवला, बसले, बशी उचलली, चहा प्यायला सुरुवात केली.

तात्या मशीनवर बसलेले, पाय पायडलवर, हलेनात.

"निघाला," नाना म्हणाले.

"कोण?"

"बिबट्या."

"कधी?"

"त्याच दिवशी. अर्ध्या तासात. शिडीवरनं चढून आला, पिंजऱ्यात गेला, रात्री डोंगराकडं सोडला."

"अर्ध्या तासात?" तात्या उभेच राहिले. "आन मी तीन आठवडे त्याला शिडीवर हुबा केलाय! रात्री झोपताना वाटायचं, दमला असंल!"

आणि दोघं असे हसायला लागले की पलीकडच्या पिठाच्या गिरणीतला माणूस बाहेर आला. मी पण धावत गेलो. तीन आठवड्यांच्या बातम्या होत्या हो! तात्या सुरुवात सांगायचे, नाना घडी उलगडून शेवट. एक पूल पडला आणि कुणी मेलं नाही. एक पुढारी गेला आणि परत आला. एक लग्न मोडलं आणि दुसऱ्याच दिवशी जुळलं. तेवढ्यात बाजारातून बाकडं परत आलं. पान एकवाले दारात उभे राहिले, त्यांच्या मागं पान पाचवाले. दोघांनी आत बघितलं आणि दोघांची तोंडं सारखीच पडली. एक जण तर म्हणाला, "आता आमी कुनाकडं बसायचं?" त्यातले निम्मे दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानापुढं बसायला लागले. ग्रुप दोन्ही चालू आहेत अजून. लाल गोल, हिरवे गोल.

असो. तर त्या संध्याकाळी चहाचा दुसरा राउंड आला आणि नाना सहज म्हणाले, "तात्या, फोन केलास ते बरं केलंस."

"कुणी केला फोन?"

दोघांनी एकदमच माझ्याकडं बघितलं. मी दाराकडं बघितलं. दारात बाकडं उभं होतं, वाट नव्हती.

"काय बोलला हा माझ्या आवाजात?" तात्यांनी विचारलं.

"'चुकलं माझं' म्हणाला," नानांनी सांगितलं. "तिथंच वळाखलं मी ह्याला. तू आन चुकलं म्हणशील?"

"मग आलात कशाला?" मी विचारलं.

"फोन आल्यावर जाया नगं?" नाना म्हणाले आणि चहाच्या पोराला गाठायचं निमित्त करून बाहेर सटकले.

मग तात्या सुटले! "चुकलं? माझ्या तोंडून? आरं, मी मेंबराच्या लग्नाच्या कोटाला दोन्ही बाह्या डावीकडच्या लावल्या हुत्या, तवा चुकलं म्हणलो न्हाई! म्हणलो, सध्या अशीच फॅशन हाय! आन तू माझा आवाज घेऊन माफ्या मागत फिरतोस? उद्या हे समदे येतील, पँट आखूड झाली, झिप वाकडी झाली, म्हणतील तात्या, त्या दिवशी म्हणला हुतात, आता पण म्हणा! चाळीस वर्षांची इज्जत एका फोनात घालवलीस, गाढवा! माफी मागायची हुती तर त्याच्या आवाजात मला फोन करायचा, मी केला असता इचार!"

मी खाली मान घातली. बाकडं खूश होऊन ऐकत होतं. तात्यांनी दारातनं बाहेर वाकून बघितलं, नाना लांब आहेत का ते. मग माझा कान धरून मला मशीनच्या मागं ओढलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"आन करायचाच हुता फोन, तर तीन आठवडे काय झोपला हुतास, हरामखोरा?"